केमोपासून गोळीपर्यंत : घरबसल्या योगवर्गाचा काही महिन्यांचा अनुभव

सासूबाईंना स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाल्यावर आम्ही हा ऑनलाइन योगवर्ग लावला. आता केमो आणि रेडिएशन दोन्ही संपून त्या रोजच्या गोळीवर आहेत आणि वर्ग अजून चालू आहे. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. केमोसाठी बांबोळीच्या इस्पितळात जाऊन आलं की त्या दिवशी दुसरं काही होत नाही. त्यामुळे वर्गासाठी पुन्हा बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, घरी बसून जमेल तेच हवं होतं. घरात असंच आजारपण असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थकव्याबद्दल, कारण बाहेरच्या माणसाला तो कळत नाही. भेटायला येणारे सगळे "विश्रांती घ्या, झोपा" म्हणून जातात. आई झोपायच्या आणि उठताना आणखी दमलेल्या असायच्या. डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं की खाटेवर येऊन पडायच्या, "अंगात जीवच नाही गे" म्हणायच्या. कर्करोगाच्या थकव्याची खूणच ही आहे : केलेल्या कामाच्या मानाने तो फार मोठा असतो आणि झोपेने भरून येत नाही. म्हणूनच थोडी हालचाल करायला सांगतात. ती किती, कशी आणि वाईट दिवशी काय, हे मात्र सांगणारं कोणी लागतं.

या वर्गाआधी एक मोबाइल अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. व्हिडिओ चांगले होते, पण शिकवण्याचा वेग धडधाकट माणसाचा. शिवाय सलग किती दिवस केलं याचा आकडा समोर दिसायचा. केमोनंतरचे चार दिवस गेले की तो शून्यावर. आई तो आकडा बघून म्हणायच्या, "माझ्याच्यानं होत नाही, सोडून दे." ज्याला पडून राहणं भागच आहे त्याला पडून राहिल्याबद्दल बोल लावणारी वस्तू आजारी माणसाच्या हातात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आताच्या वर्गाच्या ताईंनी पहिल्या दिवशी एकही आसन घेतलं नाही. ऑपरेशन कोणत्या बाजूला, काखेतल्या गाठी काढल्या का, पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवतात ती डबी) बसवला आहे का, हाडात काही आहे का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती, हे सगळं विचारून घेतलं आणि डॉक्टरांची परवानगी लेखी मागितली. हाडात आजार पसरला असेल तर कंबरेतून वाकणं आणि पीळ देणं धोक्याचं असतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्यावर भार टाकण्याची घाई करायची नाही. कपालभाती नाही, श्वास रोखून धरणं नाही. एवढं ऐकल्यावर मला पहिल्यांदा धीर आला.

त्यांची खरी करामत अशी की रोजच्या सरावाचे तीन प्रकार बसवून दिले : खाटेवरचा, खुर्चीवरचा आणि जमिनीवरचा. सकाळी चहा झाला की आईंनी सांगायचं, आज कोणता. खाटेवरचा म्हणजे घोटे फिरवणं, बोटं उघडमीट, खांदे हलके वरखाली आणि श्वास सोडताना थोडा लांबवणं. दहा मिनिटंही लागत नाहीत, पण तोही पूर्ण सराव धरायचा. केमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, तेव्हासुद्धा घोटे फिरायचे. सराव तुटला नाही तो एवढ्यामुळेच. पूर्वी वाईट आठवडा आला की सगळं बंद पडायचं आणि बरं वाटायला लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची हिंमत व्हायची नाही.

जमिनीवरच्या प्रकारात सगळ्यात लाभलं ते लोडावरचं सुप्त बद्धकोणासन, म्हणजे तळपाय जुळवून, गुडघे बाजूंना सोडून लोडावर उताणं टेकणं. बाजारातला तयार बोल्स्टर महाग वाटला, म्हणून म्हापशाच्या गादीवाल्याकडून कापूस घट्ट ठासून लोड शिवून घेतला. सावरीचा घेऊ नका, पाठ खाली जाते. लोड पाठीखाली कण्याच्या रेषेत लांब, त्याच्या वरच्या टोकाला घडी घातलेली चादर म्हणजे हनुवटी वर उचलली जात नाही, दोन्ही मांड्यांखाली एकेक उशी. डाव्या हाताखाली दोन उशा, कारण आईंचं ऑपरेशन त्या बाजूचं आणि हात छातीपेक्षा खाली लोंबकळता कामा नये. हे सगळं नीट लागलं की काही वेळाने आईंच्या कपाळावरची आठी जाते, हे मी समोर बसून पाहिलं आहे. त्यानंतर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून उताणं पडायचं. जेवणानंतर लगेच मात्र नाही, मळमळतं.

आसनं अशी आधाराने करायची पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची. 2012 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपूनही थकवा न गेलेल्या बायकांवर याच पद्धतीची चाचणी झाली. बारा आठवड्यांनी त्यांचा थकवा कमी झाला होता. 2014 साली ओहायोत 200 बायकांवर हठयोगाची आणखी मोठी चाचणी झाली. तिच्यातली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : बारा आठवड्यांचा वर्ग संपला त्या वेळी योग केलेल्या आणि न केलेल्या गटांच्या थकव्यात ठळक फरक नव्हता, तो दिसला पुढच्या तीन महिन्यांनी. आणि सराव जास्त, तेवढा फायदा जास्त. सुरुवातीच्या आठवड्यांत आईंना काहीच वाटत नव्हतं, तेव्हा ताईंनी हेच सांगून आम्हाला धीर धरायला लावलं.

फरक कुठे पडला? झोप आधी सुधारली. मग आंघोळीनंतर पडणं बंद झालं. पुढे ओसरीवर बसून त्या नारळ खवायला लागल्या, उजव्या हाताने आणि सावकाश, पण स्वतःहून. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) बांधताना कोणतं फळ कुठे ते खुर्चीत बसून सांगत होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, तरी शेजारच्या वहिनींनी खोलीचं दार लावून त्यांच्याकडून खुर्चीवरचा प्रकार करून घेतला. या वहिनींचं नाव वर्गाच्या इतकंच घेतलं पाहिजे. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सोबत खुर्चीत बसून करतात. पांढऱ्या पेशी उतरल्या की कोणाला जवळ येऊ द्यायचं नसे, तेव्हा त्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. घरातल्या माणसाने "केलंस का?" असं विचारण्यापेक्षा शेजारी बसून करणं कितीतरी बरं.

जे झालं नाही तेही सांगते. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर पायाच्या बोटांना आलेल्या मुंग्या योगाने गेल्या नाहीत. तोल जातो म्हणून उभी आसनं अजूनही भिंतीला पाठ लावूनच. केमोनंतरचे पहिले दिवसही तसेच कठीण गेले. आणि मध्ये एकदा थकवा अचानक फार वाढला, तेव्हा ताईंनी सराव थांबवून रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं. त्याला औषधच लागतं, आणि ते ओळखणारा शिक्षक असणं हा मी या वर्गाचा सगळ्यात मोठा गुण मानते.

तक्रारी आहेत. थेट वर्ग पहाटेचा, उपचार चालू असलेल्या माणसाला तो झेपत नाही, आम्ही जवळजवळ सगळं रेकॉर्डिंगवर केलं. जून-जुलैत वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, म्हणून फक्त आवाजाची फाइल मागून घ्या, ती मोबाइलमध्ये साठवता येते. सूचना हिंदीत आहेत. आईंना समजतात, पण "सांस छोड़िए" ऐकण्यापेक्षा मी मराठीत सांगितलं की खांदे लवकर सैल सुटतात. लोडाला पावसात बुरशीचा वास लागतो. रेडिएशनने त्वचा नाजूक झालेली असते, तेव्हा तर खोळ रोज बदलावी आणि उघडीप दिसली की लोड उन्हात टाकावा.

आता रोजच्या गोळीमुळे, म्हणजे लेट्रोझोलमुळे, सकाळी सांधे आखडतात, म्हणून सराव दुपारच्या चहाआधी सरकवला आहे. फी पुढच्या सहा महिन्यांची भरली. तुम्ही वर्ग शोधत असाल तर पैसे भरण्याआधी शिक्षकांना एकच विचारा : केमोच्या तिसऱ्या दिवशी काय करून घ्याल? "त्या दिवशी सुट्टी" किंवा "नेहमीचंच, थोडं हळू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.