‘काउंट ऑन’ म्हणजे नुसतं ‘अवलंबून असणे’?

फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ‘ऑन’, ‘इन’सारखा छोटा शब्द जोडून होणारे इंग्रजी शब्दप्रयोग, शिकवणारं एक ॲप मी चार महिने रोज वापरतेय. उच्चार स्वच्छ, सराव भरपूर, तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठी अर्थांबद्दल.

परदेशी ग्राहकाची मेल आली होती, ‘वी आर काउंटिंग ऑन युवर टीम.’ ॲपमध्ये पाहिलं तर अर्थ एकच: अवलंबून असणे. तोच अर्थ ‘डिपेंड ऑन’ला, ‘रिलाय ऑन’ला, ‘बँक ऑन’लाही. मी टीमला तसंच सांगितलं आणि सगळ्यांना ती कोरडी माहिती वाटली. खरं तर त्यानं आमच्यावर भिस्त ठेवली होती, तुम्ही करालच असा भरवसा होता त्यात. पीक पावसावर अवलंबून असतं, तिथे ‘डिपेंड्स ऑन’ चालतं, ‘काउंट्स ऑन’ नाही. शेतकरी मात्र पावसावर ‘काउंट’ करू शकतो, कारण भरवसा माणूस ठेवतो, पीक नाही. आपल्याकडे भिस्त, मदार, भरवसा, विसंबणं असे इतके शब्द असताना सगळीकडे एकच शब्द चिकटवायचा, हे मला खरंच लागलं. ‘फॉल बॅक ऑन’ला तर ‘आधार घेणे’ एवढंच दिलंय. दुसरं काही उरलं नाही की शेवटी ज्याकडे वळायचं, साठवलेले पैसे किंवा जुनं कौशल्य, ती अडचणीची वेळ त्या अर्थात उतरतच नाही.

वाक्यरचनेचा भाग मात्र उत्तम. ‘आय ॲम काउंटिंग ऑन यू टू कम’ बरोबर, पण ‘काउंट ऑन दॅट यू विल कम’ चूक, हे मला इथेच पक्कं कळलं. ‘ऑन’ जागचं हलत नाही, ‘काउंट यू ऑन’ असं कधीच होत नाही, पण ‘शी कॅन बी काउंटेड ऑन’मध्ये ते शेवटी येतं. ‘काउंट मी इन’चा अर्थ वेगळाच, मलाही धरा. ‘डोन्ट काउंट ऑन इट’ला त्यांनी ‘त्या भरवशावर राहू नका’ असं दिलंय, अगदी नेमकं! म्हणजे जमतं त्यांना. मग मुख्य अर्थातच हात आखडता का घेतला?

इंग्रजी वाक्यं बनवायला शिकायचं असेल तर जरूर घ्या. अर्थासाठी सोबत चांगला शब्दकोश लागेलच. ॲपमध्ये स्वतःची टिपणं लिहायला जागा आहे, ‘काउंट ऑन’खाली मी ‘भिस्त ठेवणे’ लिहून ठेवलंय.