पिअर्सन की स्पिअरमन: छोट्या सर्वेक्षणासाठी कुठला सहसंबंध गुणांक घ्यावा?

प्रकल्पाचे तीस-चाळीस फॉर्म भरून झाले की हा प्रश्न येतोच. दोन गोष्टी किती एकत्र वाढतात-घटतात हे दोन्ही गुणांक सांगतात: पिअर्सन मूळ आकड्यांवरून, स्पिअरमन त्या आकड्यांना क्रमांक देऊन. मी दोन्ही वापरले आहेत. सूत्रं पुस्तकात आहेत, ती इथे पुन्हा देत नाही.

पिअर्सनची बाजू भक्कम आहे. पुढे रिग्रेशन रेषा (बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) काढायची असेल तर त्याचा वर्ग थेट कामी येतो. एक्सेलमध्ये 'कोरेल' लिहिलं की उत्तर हजर. शिवाय परीक्षकांच्या तो जास्त ओळखीचा.

माझं मन फिरलं ते तक्त्यातल्या एका ओळीमुळे. शेतकऱ्यांची जमीन आणि खतांवरचा खर्च असा तक्ता होता. बहुतेक जण दोन ते पाच एकरवाले, त्यात एकच बागायतदार चाळीस एकरांचा. त्याला ठेवलं की गुणांक फुगायचा, वगळलं की पार खाली यायचा. माहिती खरी, माणूसही त्याच गावचा. मग वगळायचं कुठल्या आधारावर? दर बैठकीत हाच वाद. स्पिअरमनने त्याला नुसता पहिला क्रमांक दिला आणि आमचं काम पुढे सरकलं.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांचे १९७३ चे चार प्रसिद्ध तक्ते घ्या. चारही ठिकाणी पिअर्सन ०.८२ च्या आसपास, बिंदूंचे आलेख मात्र पूर्ण वेगळे. तिसऱ्यात अकरापैकी दहा बिंदू जवळपास एका सरळ रेषेत, एकच वर उडालेला. क्रम लावले तर फक्त वरच्या दोघांची अदलाबदल होते. क्रमांकांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज २ आणि स्पिअरमन ०.९९१. चौथ्यात दहा बिंदूंचा क्ष (आडव्या अक्षावरचा आकडा) ८, एकट्याचा १९. तो एक काढला तर मोजण्यासारखा संबंधच उरत नाही, तरी स्पिअरमनही ०.५ दाखवतो. म्हणजे फसतो तोही, पण कमी.

क्रम लावताना सहा एकर आणि चाळीस एकर यांतलं खरं अंतर हरवतं, हे मान्य. ते अंतरच तुमचा विषय असेल तर पिअर्सन घ्या. 'समाधानी, ठीक, असमाधानी' अशी उत्तरं असतील तर मला वाटतं स्पिअरमनच बरा. एक्सेलमध्ये त्याचं तयार सूत्र नाही: दोन्ही रकान्यांना 'रँक.एव्हीजी' लावा आणि त्या क्रमांकांवर 'कोरेल' चालवा. समान क्रम बरेच असतील तर सहा-डी-वर्गवालं (डी म्हणजे दोन क्रमांकांमधला फरक) हातचं सूत्र दुरुस्तीशिवाय वापरू नका.