मुख्य मंचाकडे पाठ करून बसा

तिकीट १५० रुपये, तीन दिवसांचा पास ३५०. जावं का? जावं. पण पास काढू नका. मधल्या दिवसाचं तिकीट काढा आणि दुपारी चारलाच पोचा. या लोककला महोत्सवात ऐकण्यासारखं जे होतं ते बहुतेक सगळं दीपप्रज्वलनाच्या आधी, मंचापासून लांब, माइक नसलेल्या कोपऱ्यांत होतं.

महोत्सवाचं नाव घेत नाही. साउंडचं काम ज्याच्याकडे होतं तो ओळखीतला आहे, आणि पुढे जे लिहितोय ते त्याला तोंडावर सांगून झालंय. माझाही धंदा तोच, मांडव-स्पीकर-जनरेटर. लग्न, कीर्तन, प्रचारसभा, सगळीकडे वायरी ओढल्यात. त्यामुळे हे परीक्षण कानाचं आहे. नेपथ्य कसं होतं म्हणाल तर मोठं होतं.

सुरुवात गोंधळापासून करतो, कारण सगळ्यात जास्त वाट त्याचीच लावली. गोंधळ्यांना वेळ दिला वीस मिनिटं. त्यातली बरीचशी निवेदकाने त्यांची ओळख करून देण्यात खाल्ली. गोंधळात आधी एकेका ठिकाणच्या देवाला आवतण द्यायचं असतं. तुळजापूर झालं, कोल्हापूर झालं, माहूर, जेजुरी, पंढरपूर... देव सगळे येऊन बसेपर्यंत विंगेतून ‘आवरा’ची खूण. मग कथा कधी लावायची? रात्रभर चालणारा प्रकार आहे हा. १० नंतर स्पीकर बंद करावा लागतो हे मला कुणी शिकवू नये, आमचं पोटच त्या नियमाच्या आत बसवलेलं आहे. पण मग आठला सुरू करा ना! आठ ते साडेआठ सत्कार चालले होते.

आता आवाज. संबळ म्हणजे दोन वाद्यांची जोडी, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची. एक लहान, चढ्या आवाजाचं, दुसरं मोठं, खालच्या आवाजाचं. सगळी गंमत लहान्याच्या कडकडाटात आहे. आमच्या मित्राने दोन्हींच्या तोंडाशी एकेक माइक लावला, खालचा बास वाढवला आणि सब-वूफर मोकळे सोडले. पुढच्या रांगेतल्यांच्या छातीत धडधड झाली, पण कडकडाट गेला. वरून गाणाऱ्याच्या आवाजाला इको. म्हणजे देवीचं नाव एकदा घेतलं की ती तीनदा येणार.

तुणतुण्याची तर दयाच आली. सगळ्या माइकना गेट लावलं होतं. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की तो माइक आपोआप बंद होतो. मंचावरची खुडबुड ऐकू जाऊ नये म्हणून हे लावतात. तुणतुण्याला एकच तार, आवाज मुळात बारीक, ते खुडबुडीतच जमा झालं. गाणारा दम घ्यायला थांबतो तेव्हा मधली जागा तुणतुणं धरून ठेवतं. इथे तो थांबला की सगळंच थांबत होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते, संपलं समजून. उपाय काही अवघड नाही. गेट काढा, इको काढा, संबळाला दोन हात अंतरावरून एकच माइक द्या आणि वाजवणाऱ्यालाच विचारा, असंच वाजतं का तुमचं?

हलगीवाल्यांची तऱ्हा वेगळी. चामडं ओल धरतं. नदीकाठचं मैदान, संध्याकाळ झाली की हवा दमट, चामडं सैल पडतं आणि हलगी ‘धप’ बोलायला लागते. म्हणून वाजवायच्या आधी ती जाळावर शेकतात. मांडवात जाळ करायला बंदी, आणि ती योग्यच आहे, कापडी मांडव पेटताना मी पाहिलेला आहे. पण मांडवाबाहेर वाळूच्या घमेल्यात चार गोवऱ्या पेटवायची सोय करता आली असती. ती कुणी केली नाही, तर या पोरांनी पार्किंगमधल्या हॅलोजनच्या दिव्यासमोर हलग्या धरल्या. एकजण शेकतोय, दुसरा काठीने टिचकी मारून कान देतोय, तिसरा दिव्याचा खांब वाकू नये म्हणून धरून उभा. तिथेच, गाड्यांच्या मधे, त्यांनी तापलेल्या हलग्यांवर जे वाजवलं ते मंचावरच्यापेक्षा सरस होतं. मंचावर जाईपर्यंत दोन सत्कार आणखी झाले आणि हलग्या पुन्हा निवल्या.

दुपारचं ऐका. चारच्या सुमाराला मागच्या हिरवळीवर तारपा झाला, म्हणजे फुंकून वाजवायच्या तारप्यावरचा आदिवासी नाच. वाळलेला दुध्या भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, गाल फुगवून हवा साठवतो आणि नाकाने नवी घेत राहतो. तो मधे, नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती. त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. बघणाऱ्यांनी आपली जागा आपण शोधायची, कारण या नाचाला पुढची बाजू नाही. संध्याकाळी हेच लोक मंचावर आणले तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड करा म्हणून त्यांना सरळ रेषेत उभं केलं आणि तारपावाल्याला स्टँडच्या माइकपुढे खिळवलं. तो सवयीने दोन पावलं सरकला की आवाज गायब. शेवटी एक स्वयंसेवक माइक हातात घेऊन त्याच्यामागे धावायला लागला. त्या पोराला मात्र पैकीच्या पैकी गुण.

सगळ्यात जास्त वेळ मी बसलो चित्रकथीच्या राहुटीत. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची ही कला, तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांची पोथी. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग पुढे धरून वीणा, टाळ आणि हुडुक्याच्या साथीवर कथा सांगायची. चित्र जेमतेम फूट-दीड फुटाचं, त्यामुळे ऐकणारे तीस-चाळीसच, सतरंजीवर, सांगणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. माइक नाही. गरजच नव्हती. एका लहान मुलीने मधेच विचारलं, याला एवढे मोठे डोळे का? सांगणाऱ्याने कथा थांबवली, चित्र तिच्यापुढे नेलं, राक्षसाच्या आवाजात तिलाच उलट विचारलं आणि पुढची दहा मिनिटं ती राक्षसाशी भांडत होती. आयोजकांनी ही राहुटी प्रसाधनगृहाच्या वाटेवर ठेवली होती. मी म्हणतो बरंच झालं, नाहीतर निम्म्या लोकांना ती सापडलीच नसती.

कारागिरांच्या दालनात जागावाटप कुणी केलं देव जाणे. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर आले होते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फलक मोठा लावला होता. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात या कामाकडे वळली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे कसे निवडतात, हे सगळं ते कारागीर हौसेने सांगत होते. मग तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढून दाखवायला बसले. तार घोडीवर जिथे टेकते तिथला उतार कानसेने केसाएवढा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायचं. नुसत्या कानाचं काम. आणि त्यांच्या टेबलामागे सहा फुटांवर जनरेटर! माझ्यासारख्याला लाज वाटली. मी जाऊन झाकण लावता येतं का पाहिलं, पण तो उघड्या जातीचाच होता. त्या गृहस्थांनी तानपुऱ्याचा भोपळा माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, “आता ऐका.” दोरा जागेवर बसला आणि तार जी बोलायला लागली, ती जनरेटरला पुरून उरली. ज्यांनी कान लावला नाही त्यांनी फक्त एक माणूस लाकूड घासताना पाहिला.

घोंगडीच्या ठेल्यावर भाव रास्त होते. चिंचोक्याची खळ दिलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी सुरुवातीला टोचतेच, तेव्हा मऊ लागली तर दुसरी भेसळ आहे का ते विचारा. इथली टोचली, मी घेतली. शेजारीच ‘हस्तकला’ पाटीखाली छापील वारली चित्रांचे कप विकायला होते, त्यांच्यावर शब्द खर्च करत नाही.

पार्किंग ५० रुपये, पिण्याचं पाणी फक्त विकत. खुर्च्या बऱ्या होत्या.

पुढच्या वर्षीसाठी मित्राने मला मदतीला बोलावलंय. अट घातली आहे, संबळवाले आणि तारपावाले दुपारीच येऊन आवाज तपासतील, आणि इकोचं बटण माझ्या हातात राहील. सत्कार कमी करणं मात्र आम्हा दोघांच्याही हातात नाही, तेव्हा तुम्ही चारलाच या.