घटस्फोट चालू असताना: त्याच घरात राहायचं, की भाडं मागून वेगळं?

दोन्ही मागण्यांचा पाया एकच, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. कलम १७ नुसार घराच्या कागदावर बायकोचं नाव नसलं, तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मारहाण झालेलीच असावी लागते, असंही नाही. कुलूप बदलून आत येऊ न देणं हा कायद्याच्या भाषेत आर्थिक छळच आहे. वाट निवडायची ती घर कोणाचं आणि आत आणखी कोण राहतं, हे बघून.

फ्लॅट नवऱ्याच्या किंवा दोघांच्या नावावर असेल, तर शक्यतो घर सोडू नका. कलम १९ खाली घर विकू, गहाण ठेवू नये असा मनाई आदेश मिळतो. गरज पटली तर नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगता येतं. घोळ होतो तो मोघम आदेशामुळे. ‘अर्जदारास घरात राहू द्यावे’ एवढंच लिहिलेलं असलं, की दुसऱ्या दिवशी गॅसचा सिलिंडर आतल्या खोलीत कुलपात जातो आणि पोलीस म्हणतात, राहताय ना घरात? म्हणून अर्जातच लिहा: कुठली बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम, मुख्य दाराची किल्ली, वीज-पाणी, आणि गृहकर्जाचा हप्ता व सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल तर गणित बदलतं. अशा घरावर सुनेचा हक्कच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या बत्रा निकालामुळे धरलं जायचं. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आहुजा खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवला. पण त्याच निकालात हा हक्क अबाधित नाही, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनाही शांतपणे जगता आलं पाहिजे, हेही आलं. शिवाय घराबाहेर जायचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही, म्हणजे सासू घरातच राहणार. सुनेला बाहेर काढा, असा सासू-सासऱ्यांचा ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचा अर्जही मागून येतो. त्यापुढे सुनेचा हक्क आपोआप संपत नाही, पण आणखी एका कचेरीत खेटे घालावे लागतात. आमचं मत स्पष्ट आहे: इथे पर्यायी घर किंवा भाडं घ्यावं. कलम १९(१)(च) प्रमाणे ते आधी होतं त्याच दर्जाचं असावं लागतं.

भाड्याच्या घरातही बहुतेकदा हेच बरं. नवऱ्याने करार सोडला की मालकापुढे बायकोची बाजू लंगडी पडते.

भाडं मागताना नुसता मासिक आकडा देऊ नका. डिपॉझिट, दलाली, ११ महिन्यांच्या करारानंतरची वाढ आणि करार तुमच्या नावाने, हे सगळं मागा. त्याच परिसरातल्या दोन-तीन घरांचे भाडेदर जोडा. मागणी कलम २० (खर्चापोटी पैसे देण्याचा आदेश) खालीही करा, कारण पैसे थकले तर त्या कलमाने थेट नवऱ्याच्या कंपनीला पगारातून रक्कम द्यायला सांगता येतं.

अर्ज नमुना २ मध्ये, मॅजिस्ट्रेटपुढे. घटस्फोटाची केस कौटुंबिक न्यायालयात असेल तर कलम २६ प्रमाणे तिथेच मागता येतं. निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण त्यावर विसंबू नका. सोबत नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र देऊन कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे नवऱ्याची बाजू ऐकण्याआधीचा तात्पुरता आदेश मागा. संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मन ठरत नसेल तर एकाच अर्जात दोन्ही लिहा: मुख्य मागणी घराची, ते शक्य नसल्यास भाड्याची. तोपर्यंत बॅग भरून माहेरी गेलात तर हक्क जात नाही, पण ताबा जातो, आणि तो परत मिळवायला महिने लागतात. जावंच लागलं, तर वीजबिल, आधारवरचा पत्ता आणि घरातल्या सामानाचे फोटो जवळ ठेवा.

नवऱ्याला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. फ्लॅट बायकोच्या नावावर असेल तर त्याला दिवाणी हक्कच दाखवावा लागतो: भरलेले हप्ते, संयुक्त कर्ज.