लंडन ते न्यूयॉर्क: जाताना काटकसर, येताना हात सैल

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आणि न्यू जर्सीत भावंडे किंवा मुले असलेल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब वरचेवर करावा लागतो: अटलांटिक ओलांडायचा तो साध्या इकॉनॉमीने, प्रीमियम इकॉनॉमीने (इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग), बिझनेस क्लासने, की बोटीने? तुलना करताना बहुतेक जण जाणे आणि येणे एकाच मापाने मोजतात आणि दोन्हीकडे एकाच वर्गाचे तिकीट काढतात. खर्च आणि आराम यांचा मेळ नेमका इथेच चुकतो, कारण हे दोन प्रवास अगदी वेगळ्या जातीचे आहेत.

लंडनहून पश्चिमेकडे जाणारी बहुतेक विमाने दिवसा उडतात. दुपारी बाराच्या सुमारास निघून साधारण आठ तासांनी उतरावे, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असतात. या वेळात कोणी झोपणार नसते, त्यामुळे आडव्या होणाऱ्या सीटसाठी मोजलेले पैसे जवळजवळ वाया जातात. परतीचे विमान मात्र बहुधा रात्रीचे असते आणि पाठीमागून वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे (उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे) साडेसहा-सात तासांतच पोहोचते. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो विमानाने हे अंतर 4 तास 56 मिनिटांत कापले होते. विक्रम म्हणून ते कौतुकास्पद, पण झोपेच्या दृष्टीने तापदायकच. एरवीच्या रात्रीही जेवण, सकाळची न्याहारी आणि दिवे लागण्याची वेळ वजा केली की जेमतेम चार तास हाती उरतात, आणि ते ताठ बसून काढले तर पुढचा दिवस वाया जातो.

म्हणून माझे मत असे, की जाताना इकॉनॉमी आणि ऐपत असेल तर येताना बिझनेस, असे एकाच परतीच्या तिकिटात दोन वर्ग घ्यावेत. दोन सुटी एकेरी तिकिटे घेऊ नयेत, कारण मोठ्या कंपन्यांचे एकेरी भाडे पुष्कळदा परतीच्या भाड्याइतकेच असते. शिवाय ब्रिटनचा विमान-प्रवासी कर तिथून निघणाऱ्या उड्डाणावर लागतो आणि सर्वांत खालच्या वर्गाच्या तुलनेत वरच्या वर्गांना तो दुपटीहून अधिक पडतो, म्हणून जाताना इकॉनॉमी घेतली की तोही कमी बसतो.

बिझनेसचे भाडे इकॉनॉमीच्या चार-पाच पट असू शकते आणि ते परवडत नसेल, तर त्याहून चांगला एक उपाय आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. न्यूयॉर्कहून सकाळी आठच्या सुमारास निघणारी मोजकी विमाने त्याच दिवशी रात्री आठच्या आसपास लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरतात. एक दिवस खर्ची पडतो आणि पहाटे पाचला विमानतळ गाठावा लागतो हे खरे, पण घरी जाऊन स्वतःच्या अंथरुणावर झोपता येते आणि साधी इकॉनॉमी पुरते. ज्येष्ठ मंडळींना तर मी हेच सुचवीन.

प्रीमियम इकॉनॉमी ही मला अर्धवट सोय वाटते. दोन रांगांमधले अंतर साधारण 31 इंचांवरून 38 इंचांवर जाते, सीट रुंद असते, आणि गुडघेदुखी असणाऱ्याला किंवा उंच माणसाला दिवसाच्या प्रवासात त्याचा खरोखर उपयोग होतो; पण रात्री ती सीट शेवटी सीटच राहते.

स्वस्त कंपन्यांबाबत थोडे सविस्तर सांगायला हवे. लंडनच्या गॅटविक विमानतळाहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या नॉर्स अटलांटिक या स्वस्त कंपनीची विमाने नव्या धाटणीची बोइंग 787 आहेत आणि सीट इतरांपेक्षा फार वेगळी नाही. मात्र सर्वांत कमी भाड्यात चेक-इनची बॅग आणि जेवण धरलेले नसते. दोन्ही बाजूंची मोठी बॅग त्यात मिळवली, की भाड्यातला फरक बराच आक्रसतो, आणि आपली मंडळी मसाले-पापडांच्या मोठ्या बॅगेशिवाय निघत नाहीत. दुसरा धोका कंपनी न टिकण्याचा आहे: अशाच स्वस्त कंपन्यांपैकी वॉव एअर मार्च 2019 मध्ये बंद पडली, नॉर्वेजियनने लांब पल्ल्याची सेवा जानेवारी 2021 मध्ये गुंडाळली आणि प्ले सप्टेंबर 2025 मध्ये थांबली. उड्डाण रद्द झाले तर हीथ्रोहून दिवसाला अनेक विमाने सोडणारी कंपनी पुढच्या विमानात बसवू शकते, मोजकी विमाने असणाऱ्या कंपनीकडे ती सोय नसते.

डब्लिनमार्गे जाणाऱ्यांना एक मोठा लाभ मिळतो. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बाहेर पडता येते. आइसलँडएअर आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये जादा भाडे न घेता सात दिवसांपर्यंत थांबू देते, पण भारतीय पासपोर्टधारकाला विमानतळाबाहेर पडण्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागतो आणि तिथले हॉटेल व जेवण इतके महाग असते, की तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात.

बोटीचा पर्याय वेगळ्याच प्रकारचा आहे. कुनार्ड कंपनीची क्वीन मेरी 2 ही बोट इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदरातून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला बहुधा सात रात्रींत पोहोचते. पश्चिमेकडे जाताना घड्याळ पाच वेळा एकेक तास मागे घेतले जाते, म्हणून पंचवीस तासांचे दिवस मिळतात आणि जेट लॅग अजिबात होत नाही. उलट दिशेने तेच तास कमी होतात. तेव्हा बोटीने जायचेच असेल तर जाताना जावे आणि विमानाने परतावे. भाड्यात खोली आणि मुख्य भोजनगृहातले जेवण येते, मात्र दर दोघांनी खोली वाटून घेण्याचे असतात आणि एकट्याला बरेच जास्त मोजावे लागतात.

तिकिटाच्या रकमेत न दिसणाऱ्या दोन गोष्टीही तपासाव्यात. अमेरिकेहून निघणारे विमान अमेरिकी कंपनीचे असेल तर ब्रिटनचा भरपाईचा नियम त्याला लागू होत नाही. ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचे असेल आणि तिच्या दोषाने चार तासांहून अधिक उशीर झाला, तर 520 पौंड मिळू शकतात. दुसरी गोष्ट विमानतळाची. न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचे असेल तर तिथलाच नेवार्क विमानतळ सोयीचा, कारण विमानतळाच्या स्थानकावरून एनजे ट्रान्झिटची (न्यू जर्सीची रेल्वेसेवा) गाडी थेट मेट्रोपार्क आणि एडिसनला जाते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरले तर न्यूयॉर्क शहर पार करावे लागते आणि टॅक्सी केली तर तिकिटात वाचलेले पौंड तिच्यातच जातात. युनायटेड आणि ब्रिटिश एअरवेज हीथ्रोहून नेवार्कला जातात, आणि तिथले भाडे चाळीस-पन्नास पौंडांनी जास्त असले तरी मी ते घेईन.