सातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर, नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत कात्रज घाट चढताना गाडी झटके द्यायला लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. कशीबशी धायरीपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजमध्ये टॅब्लेट जोडून 'कोड होता, काढून टाकला' असं सांगितलं आणि स्कॅनिंगचे पैसे घेतले. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. तो कोणता, ते बिलावर नव्हतं. चौथ्या दिवशी दिवा परत. आता म्हणे चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या), चारही प्लग आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) क्लीनिंग करावं लागेल.

त्या संध्याकाळी हा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच नोंदवायची सोय; स्कॅनर ते कोड फोनवर दाखवतो.

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा. स्टिअरिंगच्या खाली, बॉनेटच्या खटक्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे खोचायचा. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं आहे (अमेरिकेत १९९६ पासून), त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर सॉकेट सापडेलच. चावी ऑनवर, फोनशी जोडणी, पासवर्ड १२३४, झालं. पहिल्यांदा माझे मात्र वीस मिनिटं गेली, कारण मी चावी फिरवलीच नव्हती.

कोड आला पी ०३०३. हे आकडे वाटेल तसे दिलेले नसतात. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. बी बॉडीचा, सी चॅसीचा, यू गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याचा. पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, तिथे १ असला तर बहुतेक वेळा कंपनीचा खासगी. मग ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात: तिसरा सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तो जळू शकतो, तेव्हा गाडीला ताणायचं नाही. घाटात मी ती नेमकी ताणली होती.

मिस का मारतोय, हे मात्र कोड सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), काहीही असू शकतं. आमच्या गल्लीतल्या फिटरमामांनी फुकटातला उपाय सांगितला: "ताई, दोन नंबरची कॉइल तीनला लावा, तीनची दोनला." इग्निशन बंद करून दहा नंबरच्या पान्याने एकेक बोल्ट काढला, कॉइलींची अदलाबदल केली, कोड पुसला आणि नवले पुलापर्यंत चक्कर मारली. परत येईतो कोड आला पी ०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोषी तीच. कोड तीनवरच राहिला असता तर प्लग बघायचा होता. नाना पेठेतून एकच कॉइल आणली. बाकी तीन अजून मूळच्याच आहेत.

मोठ्या गॅरेजवर माझा राग बिलाचा नाही. कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं याची नोंद. पुरावा त्यांनी आधीच धुऊन टाकला होता. म्हणून आता स्क्रीनशॉट काढल्याशिवाय मी काहीही पुसत नाही.

दुसरा प्रसंग डिसेंबरचा. दिवा लागला, कोड पी ०११३: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, सिग्नल जास्त. मामा म्हणाले, "सेन्सर गेला असणार." मी लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे) उघडला तर हवेचं तापमान उणे ४०. थंडीत पाषाणचा पारा पेपरात छापून येतो, पण इतका? मामा हसले आणि मग गप्प होऊन बघायला लागले. हा सेन्सर थंडीत विजेला जास्त रोध दाखवतो. सर्किटच तुटलं तर रोध अनंत, आणि कॉम्प्युटर त्याला सगळ्यात थंड हवा समजतो. मामांनी सेन्सरचं कनेक्टर काढून नेमक्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. वायर धड असती तर आकडा एकदम शंभरच्या वर जायला हवा होता. तो उणे ४० वरच बसला. म्हणजे वायरच कुठेतरी मागे तुटलेली. वायरिंगवरची टेप सोलत गेल्यावर बॅटरीच्या मागे उंदराने कुरतडलेली जागा निघाली, दोन तांब्याची टोकं आणि शेजारी शेंगांची टरफलं. सोल्डर, टेप आणि उंदीर परत येऊ नये म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी, एवढ्यावर भागलं.

तेव्हापासून कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की मी सेन्सर विकत घ्यायला धावत नाही. कॉम्प्युटरला न पटलेला आकडा तेवढा कोडमधून कळतो.

आता उणिवा. एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत याला दिसत नाहीत, त्यासाठी गॅरेजचाच स्कॅनर लागतो. ब्लूटूथ मध्येच तुटतं. दिवाळीत दहा दिवस गावाला गेलो तेव्हा सॉकेटमध्येच विसरले, परत आल्यावर बॅटरी मेलेली. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो, हे तेव्हा कळलं. खोक्यावर आवृत्ती २.१ लिहिलंय, त्याला फारसा अर्थ नाही, स्वस्तातले बहुतेक ठोकळे कॅनडातल्या ईएलएम ३२७ चिपची नक्कल असतात. आयफोनवाल्यांनी आधी जुळतो का ते बघावं, माझ्या बहिणीच्या फोनला हा दिसलाच नाही.

गेल्या महिन्यात पेंडिंगमध्ये पी ०४२० दिसला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय अशी शंका. पेंडिंग म्हणजे एकदा दिसलं, दिवा लावण्याइतकी खात्री अजून नाही. घाटातल्या त्या अर्ध्या तासाची ही वसुली असेल. मामा म्हणतात, "दिवा लागू दे, मग बघू." मी दर रविवारी ठोकळा खोचून बघते. परवा यादी रिकामी होती.