सगळ्यात वर दिसलेला कस्टमर केअर नंबर
₹73,499 गेले. आधी 49,999, मग 23,500. मे महिना, फ्रिज बंद, लालबागच्या उकाड्यात दूध नासलेलं. कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर मुंबई’ असं सर्च केलं. सगळे हेच करतात. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: गोड बोलणं, व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, ‘रजिस्ट्रेशनचे फक्त दहा रुपये, कार्डाने भरा’.

फ्रिज वॉरंटीत होता, मग दहा रुपये कशाचे? वर त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. फ्रिजच्या तक्रारीला माझे मेसेज कशाला हवेत! तिथेच बोट थांबायला हवं होतं. पण हल्ली टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा कॉन्टॅक्ट मागतं. माणूस कुठे कुठे थांबणार? ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. अ‍ॅपने तो परस्पर उचलला.

नंतर पाहिलं, त्या निकालावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं. म्हणजे बोली लावून घेतलेली जागा. खालचे फुकटचे निकालही धड नव्हते. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लिंकांवरून फिरत पानं गोळा करतो, त्यांची सूची होते, मग शब्द किती जुळतात, कोणाकोणाच्या लिंक आहेत, यावरून क्रम लागतो. स्पेलिंग चुकलं तरी हवं ते पान क्षणात मिळतं, हे खरंच. पण नंबर कोणाचा, हे फोन लावून कोणी बघत नाही. भामट्यांच्या पानावर कुर्ला, मुलुंड, बोरिवली, सगळी उपनगरं कोंबलेली. खऱ्या कंपनीने नंबर चॅटमागे दडवलेला. मग वर कोण येणार? नंबर बिलावर बघा, वॉरंटी कार्डावर बघा. नकाशावरच्या नंबरवरही विसंबू नका, तिथे बदल कोणीही सुचवू शकतं.

पैसे गेल्याचा पहिला मेसेज येताच बँकेला कळवलं, तक्रार क्रमांक घेतला. त्यानंतर 23,500 गेले! बँक म्हणते, अ‍ॅप तुम्हीच घेतलंत, निष्काळजीपणा तुमचा. आरबीआयने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितलं, निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. शाखेत ते मीच वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, ‘वर पाठवतो.’ पोलिसांकडे ‘मॅडम, शिकलेल्या दिसता’ ऐकून घेतलं, वर ‘खातं दादरला ना, मग तिकडे जा.’ हद्द कसली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. कलम तोंडपाठ करून जा. आणि त्याआधी 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, लगेच, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत.

बँकेने हात वर केले किंवा 30 दिवस उत्तरच दिलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट होते. 23,500 साठी मी केली आहे. 49,999 सुद्धा सोडलेले नाहीत.